रस्त्याची काठी

“‘आई तुमच्याशी खोटं बोलते’ हे डॉक्टरला हिब्रूत कसं सांगायचं, मामा?”

शिमशोनमामांनी प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. रेवदंड्याहून इस्रायलला आलेल्या आम्हा लोकांचे ते गुरू. हिब्रू आम्ही त्यांच्याच घरी शिकायचो. मला मात्र ती आली नाही.

“काय खोटं बोलते?”

“डॉक्टर काठीकडे बोट करून विचारतो, घेऊन चालता ना? ही मान हलवते, हो. आणि घरात काठीला शिवत नाही! परवा मोरीत पडली. पुन्हा पडली तर हाड मोडेल, मामा. मग उठायची नाही ती.”

“आधी पडत नव्हती?”

“रूबेनदादा होता ना...”



दवाखान्यात आईचं सगळं दादाच बोलायचा. घरात त्याच्या खांद्यावर हात टाकून ती मोरीपर्यंत जायची. “चल रे माझ्या बैला,” म्हणायची. दादा हंबरायचा. दोघं हसत सुटायचे.

दादाला माती देऊन महिनाही झाला नव्हता.

“तू विचारलंस तिला?”

“ओरडलो. रडायला लागली. म्हणे, बाजारात नेते की काठी. घरात कशाला?”

“मग डॉक्टरशी खोटं कुठे बोलली?”

“तुम्ही हिब्रू सांगता की मी जाऊ?”

“सांगतो रे, तापट. काठी आणलीस?”

“आणली तर! त्याच्या टेबलावर आपटणार आहे.”

“दाखव.”

मी हात पुढे केला. हात रिकामा.

काठी दाराबाहेर होती. माझ्या चपलांशेजारी, भिंतीला टेकवलेली.

“आत का नाही आणलीस, दानू?”

“रस्त्यावरची काठी, मामा... घरात कशी...”



मामा भिंत धरत उठले. बाहेर जाऊन काठी घेतली. नळाखाली तिचं टोक धुतलं, अंगठ्याने चोळून चोळून. आपल्या रुमालाने पुसलं.

“रूबेन कामावरून यायचा, तेव्हा दारात काय म्हणायची रे आई त्याला?”

“‘पाय धू... आणि ये आत, राजा.’”

मामांनी ओलसर काठी माझ्या हातात ठेवली.

“जा. आईला सांग, हिलाही तसंच म्हण.”