साळसूद की अजाण?

एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध भाषांतरकार राहत. इंग्रजी कागदांचे मराठी करण्याची विद्या ते आपल्या शिष्येला शिकवीत. एकदा तेथील वस्तुसंग्रहालयातून एक ताम्रपट चोरीस गेला. दालनाची किल्ली झाडलोट करणाऱ्या गोजराबाईंनी एका अनोळखी माणसाला दिली होती. बाहेरगावच्या अधिकाऱ्याने इंग्रजीत अहवाल लिहिला. त्याचे मराठी वाचून चौकशी समिती गोजराबाईंच्या नोकरीचा निर्णय करणार होती.

शिष्या एका शब्दाशी अडली. बाईंनी किल्ली ‘इनोसंटली’ दिली, असे अहवालात होते. कोश सांगे: निष्पापपणे, अजाणतेपणी; आणि वरकरणी भोळेपणा दाखवूनही. पुष्कळ घोळून तिने ‘साळसूदपणे’ लिहिले. त्यात सज्जनपणा येतो, ढोंगही येते. कोणी चूक काढणार नाही.

गुरुजींनी पान वाचले, दुरुस्ती केली नाही. “हे गोजराबाईंना वाचून दाखव,” एवढेच म्हणाले.

शिष्या गोंधळली. ज्यांना अक्षरओळख नाही, त्या बाई शब्दाची पारख कशी करणार? तरी ती गेली.

गोजराबाईंनी झाडू बाजूला ठेवून ऐकले. मग म्हणाल्या, “म्हंजे मी सोंग केलं, असंच ना ताई? त्यानं हापिसचं कार्ड दावलं. मला कुठं वाचता येतंय?”

शिष्या खालमानेने परतली. “गुरुजी, कोशात सगळेच अर्थ आहेत. मी कोणता धरायचा?”

“शब्दाचे काय काय अर्थ होतात, ते कोश सांगतो. लिहिणाऱ्याला त्यातला कोणता हवा होता, ते पुढची ओळ सांगते. हा इंग्रजी शब्द खऱ्या भोळ्याला लागतो, तसा आव आणणाऱ्यालाही लागतो. तू दोन्ही सांभाळणारा शब्द घेतलास. त्यात तू सुरक्षित राहिलीस आणि संशय त्या बाईच्या पदरात पडला. आता पुढची ओळ वाच.”

पुढे लिहिले होते: किल्ली परत आली नाही, हे बाईंनी स्वतःच तासाभरात कार्यालयात कळवले.

शिष्येने शब्द खोडून लिहिले, ‘तो माणूस कार्यालयाचा नाही याची कल्पना नसल्यामुळे’. “एका शब्दासाठी हे फार लांबले,” ती म्हणाली.

“लांबू दे.”

समितीने गोजराबाईंना कामावर ठेवले. शिष्येला मात्र त्यानंतर साध्या शब्दापाशीही वेळ लागू लागला. गुरुजींनी तिला कधी घाई केली नाही.