ऐकायची राहिलेली जागा

“आता अजून कुठं ऐकायचं राहिलं, वस्ताद? सांगा की!”

संग्रामचा आवाज चढला होता. गाडीचं बॉनेट उघडं, इंजिन चालू, आणि त्याच्या हातात वस्तादांचा तो हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर.

वस्तादांनी चहाची बशी खाली ठेवली.

“एक जागा राहिली,” ते म्हणाले.

आणि परत बशी उचलली...

मी शेजारच्या गाळ्यात सीट कव्हरं शिवतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं निम्मं आयुष्य गेलं, पण वस्तादांचं हे असलं अर्धवट बोलणं मला अजून सोसत नाही. अरे, सांगायचं तर सरळ सांगून टाका ना बाबा! पण त्यांना बोलणार कोण?

गोष्ट अशी. इलाही मुजावर म्हणजे इंजिनाचे वस्ताद. शर्यतीच्या गाड्या बांधण्यात त्यांची उमर गेली. लॅपटॉप लावून गाडीची ताकद वाढवायची, ज्याला ही पोरं ट्युनिंग म्हणतात, ते कामही आमच्या गल्लीत पहिल्यांदा त्यांनीच आणलं. संग्राम बोंगाळे हा त्यांचा सगळ्यात तयार चेला. जेवढा तयार, तेवढाच चढेल.

वस्तादांचा एक रिवाज आहे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतलं सगळं ऐकू येतं. चेला तयार झाला की वस्ताद आपल्या हातातला स्क्रू ड्रायव्हर त्याला देऊन टाकतात आणि स्वतःला दुसरा आणतात. तो मिळाल्याशिवाय त्यांच्या कुठल्या चेल्यानं स्वतःचा बोर्ड लावलेला नाही.

संग्रामचा बोर्ड रंगवून तयार होता. पेंटरकडं भिंतीला तोंड करून ठेवलेला. गाळाही ठरला होता. नारळ फोडायचा तेवढा बाकी होता.

वस्ताद म्हणाले होते, “एक गाडी पहिल्यापासनं शेवटापातूर एकटा कर. मग बघू.”

आणि ह्यानं आणली कुणाची? बापाची!

आबा बोंगाळे म्हणजे एसटीतनं रिटायर झालेले ड्रायव्हर. जन्मभर सरकारची लाल गाडी हाकली आणि आता कुठं स्वतःची नवीकोरी घेतली. छोटं इंजिन, पण टर्बोवालं, म्हणजे हवा जोरानं आत कोंबणारं. पेट्रोलचा फवारा थेट सिलिंडरच्या आत मारणारं. दुसऱ्या दिवशी आबा आणि संग्रामची आई त्याच गाडीनं कोकणात निघणार होते, आबांच्या बहिणीकडं. जाताना करूळ घाट उतरायचा, येताना तोच चढायचा.

“कंपनी ह्या इंजिनात ताकद बांधून ठेवती, वस्ताद,” संग्राम सकाळी सांगत होता. “आपण नुसती गाठ सोडायची. टर्बोचा दाब मी पार खालनं, कमी फेऱ्यांपासनंच वाढवलाय. पाय ठेवला की पळतीया!”

वस्ताद त्याच्या शेजारी बसून हायवेला एक चक्कर मारून आले होते. उतरल्यावर म्हणाले, “काम सोन्यासारखं झालंय.”

खोटी शाबासकी ते कुणाला देत नाहीत. पोराची छाती फुगली. त्यानं हात पुढं केला.

वस्तादांनी स्क्रू ड्रायव्हर हातात दिला, पण म्हणाले, “आदी सगळीकडं ऐकून घे.”

त्यानं ऐकलं. टर्बोवर टेकवून ऐकलं, पंपावर ऐकलं, फवारा मारतो तिथं ऐकलं. वाकून खालनं ऐकलं. शर्टाची पार चिंधी झाली, आणि वस्तादांचं आपलं तेच. एक जागा राहिली.

“माझ्या बापाची गाडी हाय ही!” संग्राम म्हणाला. “बापाच्या गाडीत मी खोट ठेवीन व्हय?”

“इंजिनात खोट न्हाई,” वस्ताद म्हणाले.

“मग?”

...

वस्ताद उठले. त्यांनी इंजिन बंद केलं, बॉनेट पाडलं आणि गाडीची किल्ली घेऊन माझ्या गाळ्याकडं आले. आबा माझ्या बाकड्यावर पेपर वाचत बसले होते. वस्तादांनी किल्ली त्यांच्यापुढं धरली.

“आबा, चला. जोतिबाला जाऊन येऊ.”

“मी चालवू?” आबा पटकन उठले. “ह्यो पोरगा संगं असला की मला स्टेअरिंगला हात लावू देत न्हाई, वस्ताद. बापाला येत न्हाई म्हणतोय गाडी!”

“तसं कुठं म्हणतोय मी?” म्हणत संग्राम पुढच्या दाराकडं निघाला.

“तू मागं,” वस्ताद म्हणाले. “दिनकर, तू बी चल. वजन पायजे.”

वजन पाहिजे म्हणे! मी काय वाळूचं पोतं आहे? पण गेलो आपला गुपचूप.

ऊन मी म्हणत होतं. एसी लावला. आबांनी गाडी हलवली, आणि काय सांगू तुम्हाला, गिअर टाकायची ती काय घाई! आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचलो नाही तोवर दुसरा गेला, तिसरा गेला. पंचगंगेच्या पुलावर गाडी टॉप गिअरला होती, आणि शेजारनं रिक्षा पुढं निघून गेली.

“आबा,” संग्राम मागनं म्हणाला, “एवढ्या लौकर गिअर टाकताय?”

“डिझेल वाचतंय.”

“पेट्रोल हाय ह्यात.”

“मग पेट्रोल वाचतंय!” आबांनी आरशातनं त्याच्याकडं बघितलं. “अरं, डिझेल वाचवण्यात डेपोत बोंगाळेचा हात धरणारा कोण नव्हता. साहेबानं सगळ्यांच्या म्होरं हार घातलाय मला. तू कडेवर होतास आईच्या.”

संग्राम हसला. मी पण हसलो. वस्ताद मात्र खिडकीबाहेर बघत होते.

मग जोतिबाचा चढ लागला.

गाडीचा वेग उतरत गेला, गिअर मात्र तोच. आबा गिअरला हात लावायला तयार नव्हते. नुसता पाय दाबत गेले. आणि गाडी चढली की हो! कुथत का होईना, पण टॉपमध्ये चढली.

“नाद खुळा!” आबांनी स्टेअरिंगवर थाप मारली. “गाडी घेतली तवा पूजेला हितं आणलेली, वस्ताद. ह्याच चढाला गिअर उतरवायला लागला मला. मनाला लागलं माझ्या. आता बघा! पोरानं काय जीव घातलाय गाडीत! आता उतरवायचं कामच न्हाई.”

इतका खूश झालेला बाप मी बऱ्याच दिवसांनी बघितला.

आणि तेवढ्यात...

खट्.

रिकाम्या डब्यात खडा पडावा तसा आवाज. पुन्हा, खट् खट्.

मला वाटलं, चाकाखालचा खडा उडाला. पण संग्रामकडं बघितलं तर तोंड पांढरंफटक.

“आबा, गिअर उतरवा!”

“का रं? चढतीया की.”

“उतरवा म्हणतोय न्हवं! आदी पाय काढा, गाडी बाजूला घ्या!”

आबांनी घाबरून गाडी वळणावरच्या मोकळ्या जागेत घेतली. तिथं एक रसवंती होती. पोरगं का ओरडलं ते त्यांना कळलं नाही. “ऊन लागलंय ह्याला,” असं म्हणून ते रस सांगायला गेले.

गाडीत आम्ही तिघं. संग्राम हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडं बघत बसला होता.

“टॉपला इंजिनाच्या फेऱ्या कमी, आणि टर्बो वरनं रेटतोय,” तो स्वतःशीच बोलावं तसा बोलायला लागला. “ठिणगी पडायच्या आदीच पेट्रोल पेटतंय आत. असा एक ठोका जोरात बसला की पिस्टन फुटतंय... उद्या घाटात... आई बी असणार गाडीत...”

वस्तादांनी खिडकीची काच खाली केली.

“मला कधी ऐकूच आलं न्हाई हे. मी चालवतो तवा चढाला गिअर उतरवतोच की!”

“उतरवतोस,” वस्ताद म्हणाले. “मी बघितलं सकाळी.”

“मग आबांना शिकवतो. आत्ताच शिकवतो.”

“शिकव की.”

संग्रामनं दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि तसाच थांबला. रसवंतीवर आबा रसवाल्याला हाराची गोष्ट सांगत होते. हार केवढा होता ते दोन्ही हात गळ्यापासनं पोटापर्यंत नेऊन दाखवत होते.

...

“न्हाई,” संग्राम म्हणाला. “ही त्यांची सवय न्हाई मोडवत माझ्यानं.”

त्यानं पाय आत घेतला. पायाशी ठेवलेला लॅपटॉप मांडीवर उघडला, पुढं वाकून वायर गाडीला जोडली आणि कामाला लागला. खालनं वाढवलेला टर्बोचा दाब त्यानं उतरवत उतरवत पार कंपनीच्या मापावर आणून ठेवला. मोठ्या हौसेनं सोडलेली गाठ स्वतःच्या हातानं परत बांधत होता बिचारा. मला लई वाईट वाटलं त्याचं. चढेल असला तरी आमच्या गल्लीचंच पोर ना!

आबा रसाचे ग्लास घेऊन आले. ड्रायव्हरच्या सीटवर आडवे बसले, पाय दाराबाहेर.

“काय करायलाईस रं?”

“खालची ओढ कमी केली, आबा. टॉपला ओढायची न्हाई आता. पूजेदिवशी उतरवलासा तसा चढाला गिअर उतरवायला लागंल तुम्हाला.”

“अरं, कशापायी? भारी झालती की!”

संग्रामनं वायर काढली. लॅपटॉप मिटला. मग हळूच म्हणाला, “आबा, उद्या कोकणात मी बी येतो. तुम्ही चालवा. मी मागं बसतो, आईजवळ.”

“मागं? तू?”

“व्हय.”

आबांनी रसाचा मोठा घोट घेतला. “ये की,” म्हणाले. पण कान लाल झाले होते त्यांचे. बरं वाटलं म्हाताऱ्याला.

संग्राम खाली उतरला, पुढच्या बाजूला गेला आणि वस्तादांच्या पुढं स्क्रू ड्रायव्हर धरला.

“हा ठेवा, वस्ताद. पेंटरला सांगतो बोर्ड पुसायला.”

वस्तादांनी तो घेतला. गाडीतनं उतरले, वळसा घालून आबांच्या बाजूला आले. हाश्श हुश्श करत गुडघ्यावर हात ठेवून वाकले. आबांच्या उजव्या पायात जुनं जाड सँडल होतं, अंगठ्याखाली झिजून पातळ झालेलं. वस्तादांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या सँडलवर टेकवलं.

“ही राहिलेली जागा. कान लाव.”

“अहो वस्ताद, पायाला काय लावताय!” आबा पाय ओढायला लागले.

“हलू नका, आबा.”

संग्राम बघत राहिला...

मग वाकला. उभ्यानं कान पोचेना, म्हणून मातीत गुडघे टेकले. मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आबांचा ग्लास हातातच राहिला. दुसरा हात पोराच्या डोक्यावर गेला, मोटारीच्या तेलानं चिकट झालेल्या त्या केसांवर.

डोंगरावर वारा सुटला होता.

“काय ऐकू येतंय?” वस्तादांनी विचारलं.

...

“काय न्हाई, वस्ताद. कायबी ऐकू येत न्हाई.”

वस्तादांनी स्क्रू ड्रायव्हरवरचा आपला हात काढून घेतला, तो संग्रामच्याच हातात राहू दिला.

“पण कान लावलास न्हवं? मग लाव बोर्ड.”