शिंपलाभर पाणी

वसईकडच्या एका गावात कैतान कारभारी चर्चमध्ये फादरांपेक्षा मोठ्या आवाजात बोलत. एका रविवारी बाप्तिस्मा होता. धर्ममाता ठरलेली शेजारची रेमेत बाळाला हातात घेणार, तोच कारभारी आडवे आले.

"थांबा फादर! हिच्या बापाने चर्चच्या वाडीतला केळीचा लोंगर चोरला होता. बापाचं पाप लेकीच्या रक्तात उतरतं. ही कसली धर्ममाता?"

बाळाची आई रडवेली झाली. फादर नवखे, तेही गांगरले. रेमेत त्या चोरीनंतर दोन वर्षांनी जन्मली, पण तो लोंगर आयुष्यभर तिच्या डोक्यावर होता. तिने शांतपणे विचारलं, "काका, या तान्ह्याने असं काय केलंय, की त्याला धुवायला आणलंय?"

धर्म शिकवायची संधी कारभारी कशी सोडतील? "याने नाही गं, आदामाने! देवाच्या बागेतलं फळ खाल्लं. ते जन्मपाप आपल्या सगळ्यांना चिकटलेलं असतं. बाप्तिस्म्याने धुऊन निघतं."

"सगळं?"

"अगदी सगळं! फादर डोक्यावर ओततात ते शिंपलाभर पाणी पुरतं."

"माझा बाप्तिस्मा याच कुंडावर झाला, आणि तुमचाही. देवाच्या बागेतली चोरी ज्या पाण्याने जाते, त्याने चर्चच्या वाडीतला लोंगर जात नसेल, तर काका, तुमच्या अंगावरचं ते फळ तरी निघालंय का, हे आधी बघायला हवं."

फादरांनी हसू दाबत बाळ रेमेतच्या हातात दिलं. कारभारी मागच्या बाकावर जाऊन बसले. बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं, तेव्हा त्यांचा हात नकळत स्वतःच्या टाळूवर गेला.