निळ्या फुलांचं झोपाळू बी

पाय पांघरुणात घ्या बघू. हं. एक होता राजा. त्याचं राज्य फार लांब, समुद्राकाठी. तिथली तऱ्हाच उलटी, बरं का. पाऊस पडायचा थंडीत, आणि उन्हाळा असा कोरडा, की झुडपांची पानं कडकड वाजायची. तिथं एक टेकडी होती निळ्या फुलांची. पूर्वी लोक दर काही वर्षांनी तिचा एखादा कोपरा जाळत. पण या राजाचा तिच्यावर भारी जीव. त्यानं दवंडी पिटवली, "टेकडीवर ठिणगीसुद्धा न्यायची नाही!"

मग झुडपं म्हातारी झाली, फुलं संपत आली. आधी लाव्या पाखरं उडून गेली. मग ससे गेले. मग मधमाश्याही निघाल्या, एकच पोळं उरलं.

पायथ्याशी येसू नावाची नवी सून राहायची. तिच्या घरचं पोट मधावर. मधमाश्या गेल्या तर घर सोडावं लागणार. आणि येसूला ते घर आत्ता कुठं आपलं वाटायला लागलं होतं. सासूबाईंनी गाडग्यात त्या निळ्या फुलांचं बी जपलं होतं. एकदा पेरलं, उगवलं नाही. दूधपाणी घालून पेरलं, तरी नाही. उरलं मूठभर.

एकदा सासूबाई पाण्याला गेल्या. येसूला वाटलं, गाडग्यात कारळेच आहेत. काळं, बारीक, अगदी तसंच! चटणीसाठी तिनं ते तव्यावर टाकलं. तडतडलं खरं, पण खमंग वास काही सुटेना. तेवढ्यात सासूबाई दारात.

"अगं, शेवटचं बी होतं ते!" म्हणाल्या, आणि मटकन खाली बसल्या. रागावल्यासुद्धा नाहीत. येसूला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

रडत रडत तिनं ते बी परसात, चुलीच्या राखेत पुरलं. मग थंडी आली, पाऊस आला. आणि एका सकाळी बघते तर काय, राखेतून हिरवे कोंब!

कुंपणाखालचं म्हातारं कासव बोललं, "बघतेस काय पोरी? झोपाळू बी आहे ते. चटका बसल्याशिवाय उठत नाही. टेकडीच्या पोटात असलं खच्चून भरलंय."

येसूनं थोडे कोंब मडक्यात लावले आणि ती तडक राजाकडे गेली.

"माझी टेकडी जाळू?" राजा ओरडला.

येसूनं ते मडकं पुढं ठेवलं. "एकच कोपरा, महाराज. वारा पडलेला असताना." राजानं वाकून एका कोंबाला बोट लावलं. मग हळूच म्हणाला, "बरं."

त्या वर्षी परसातल्या फुलांवर शेवटच्या पोळ्यानं कसेबसे दिवस काढले. मग उन्हाळा सरता सरता आग पसरू नये म्हणून माणसं ओली पोती घेऊन कोपऱ्याभोवती उभी राहिली. कासवानं टेकडीवरच्या सगळ्या जिवांना हाक देऊन सावध केलं, आणि ते स्वतः बिळात शिरलं. मग पेटवलेला कोपरा जळून काळा ठिक्कर झाला. राजाला रडूच आलं, बरं का. मग पाऊस पडला, आणि थंडी सरल्यावर तो कोपरा निळाच निळा! मग मधमाश्या आल्या, ससे आले, लाव्याही आल्या.

सासूबाईंनी पहिल्या मधाचं बोट येसूच्या जिभेवर ठेवलं. म्हणाल्या, "हे घर आता तुझं हो. पण चटणी करताना मला विचारत जा!"

मग सगळी तिथंच सुखानं राहिली. आणि उरलेलं बी? ते मातीत गुडूप झोपलंय, चटका लागेपर्यंत. तुम्हांला चटका नको, सकाळी मी हाक मारीन. मिटा डोळे.