भुरी मांजरी आणि कधी न रिती होणारी थाळी

एका राज्यात राजा होता, प्रधान होता, सैन्य होते, प्रजाही होती. परंतु बोलणारे माणूस एकच उरले होते. ते माणूस म्हणजे राजकन्या कुंदलता.

त्याचे असे झाले. राजा पुष्करसेनाला कष्टांचा कंटाळा. काळकेतू नावाच्या मांत्रिकाने ते हेरले आणि त्याला एक सोन्याची थाळी दिली. सूर्य उगवला की थाळी आपोआप भरे, आणि कितीही जण जेवले तरी रिती होत नसे. केशरी दूध, तुपात थबथबलेला शिरा, मसाल्यात मुरलेले मांस. लोकांनी नांगर टाकले, चुली विझवल्या, आणि अवघे राज्य त्या थाळीवर पोसू लागले. खाता खाता माणसे सुस्तावली, मग मुकी झाली, मग जिथल्या तिथे बसून राहिली. श्वास चाले, डोळे उघडे असत, पण हाक मारली तर पापणी हलत नसे. कुंदलता तेव्हा लहान होती, तापाने अंथरुणाला खिळली होती. वैद्यबुवांनी तिला डाळिंबाच्या रसावाचून काही देऊ दिले नव्हते. ताप उतरून ती उठून बसली, तेव्हा वैद्यबुवाही तिच्या उशाशी पुतळ्यासारखे बसले होते.

ती बागेतली फळे आणि रानातली कंदमुळे खाऊन मोठी झाली. सकाळी वडिलांच्या खांद्यावरची धूळ पुसावी, त्यांना दिवसाची हकिगत सांगावी, उत्तराची वाट पाहावी आणि उठावे. असा तिचा नेम होता.

तिच्या हाकेला ओ देणारी एकच होती, भुरी मांजरी. भुरीही थाळीतलेच खाई. पण तिचे पोट नाजूक. खाल्ले की कोपऱ्यात जाऊन ती ओकून टाकी, म्हणून थाळीचा शाप तिच्या अंगी भिनला नव्हता. मात्र अंगी काहीच लागत नव्हते. पाठीचा कणा हाताला टोचू लागला, अंगावरचे केस गळू लागले. कुंदलता तिला मांडीवर घेऊन बसे आणि तिच्या पोटातली गुरगुर ऐके. ही गेली तर आपण बोलायचे कोणाशी, हा विचार ती पुढे जाऊ देत नसे.

एके सकाळी वाट चुकलेली एक साळुंकी महालाच्या सज्ज्यावर उतरली आणि माणसासारखी बोलली.

“राजकन्ये, जोवर या थाळीत एक तरी तोंड जेवते आहे, तोवर शाप टिकेल. माणसे केव्हाच जेवायची थांबली. आता खाणारी ही मांजरी तेवढी उरली.”

“मग मी थाळी विहिरीत टाकते,” कुंदलता म्हणाली.

“टाक. माणसे उठतील, मांजरी मरेल. पिल्लू होती तेव्हापासून तिने दुसरे अन्न जाणले नाही. एकाएकी बदललेस तर तिचे पोट ते सोसणार नाही.”

कुंदलता वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग तिने भुरीला उचलून छातीशी धरले.

“दुसरा मार्ग सांग.”

“दुसरा मार्ग लांबचा आहे. निळ्या तळ्यातला मासा हवा, नुसत्या पाण्यात उकडलेला. पडक्या कोठारातला जुना तांदूळ हवा, त्याची पातळ पेज. आणि तिसरी वस्तू धीर, तो कोठे मिळतो हे मला ठाऊक नाही. थाळीतल्या अन्नात नवे अन्न चिमूटभर मिसळ. पचले तर थोडे वाढव. न पचले तर आधीच्या मापावर परत ये.”

निळ्या तळ्यावर बगळ्यांचा राजा एका पायावर उभा होता. त्याने विचारले, “मासा कोणासाठी? राज्यासाठी?”

“मांजरीसाठी,” ती म्हणाली.

“राज्यासाठी मागणारे खोटे बोलतात,” बगळा म्हणाला. “रोज एक मासा घेऊन जा.”

पडक्या कोठारात तांदळाच्या राशीवर एक म्हातारा नाग वेटोळे घालून होता. “तांदूळ देईन,” तो म्हणाला, “पण आधी माझ्यापाशी बस. या कोठारात माणूस येऊन युगे लोटली.” कुंदलता बसली. ऊन भिंतीवरून खाली सरकले. नागाने डोळे मिटले, तेव्हा तिने ओंजळभर तांदूळ पदरात बांधला आणि पाय न वाजवता बाहेर आली.

मग तिने विझलेली चूल पेटवली. मासा उकडला, काटे निवडले, बोटाने कुस्करला. मीठ नाही, तूप नाही. शिऱ्याच्या मोठ्या घासात माशाचा एवढासा कण आणि पेजेचे दोन थेंब. भुरीने वास घेतला, तोंड फिरवले, पुन्हा वळून चाटले. दुसऱ्या दिवशी कण थोडा मोठा. असे करता करता निम्मे अन्न जुने आणि निम्मे नवे झाले. भुरीचे ओकणे थांबले. कुंदलतेला हुरूप आला, आणि घाई झाली. तिने एका दिवशी सगळाच मासा वाढला.

भुरी पुन्हा आजारी पडली. पोट बिघडले, ती पाण्यालाही शिवेना, हाकेला ओ देईना.

तेव्हा काळकेतू दरवाजात उभा राहिला. त्याचा आवाज मऊ होता.

“मुली, हे हाल कशाला? मांजरी जाणार. मग या एवढ्या महालात तू कोणाशी बोलशील? या थाळीतला एक घास खा. वडिलांच्या शेजारी जाऊन बस. पुन्हा कधी एकटे वाटणार नाही.”

शिऱ्याचा वास दरवळत होता. वडिलांच्या शेजारची जागा रिकामी होती, लहानपणी ती तिथेच बसत असे. कुंदलतेचा हात थाळीकडे गेला. तिने घास उचललाही.

मग तिला आठवले की भुरीच्या ओठांना पाणी लावायची वेळ झाली आहे, आणि ते लावणारे दुसरे कोणी नाही. तिने घास खाली ठेवला.

“मला काम आहे,” ती म्हणाली, आणि मांत्रिकाकडे पाठ करून चुलीपाशी गेली.

तिने भुरीला थेंब थेंब पाणी पाजले. पोटाला विसावा दिला. मग पुन्हा पहिल्यापासून: मोठ्या घासात एक कण. या खेपेला ती वाढवायची घाई करीना. एखाद्या दिवशी भुरी कुरकुरली की ती कालच्या मापावर परत येई. काळकेतू रोज दरवाजात येई, रोज थोडा पुसट दिसे. एके दिवशी तो आलाच नाही.

आणि एका सकाळी भुरीने नुसता मासा आणि पेज खाल्ली. थाळीकडे पाहिलेही नाही. मिशा पुसल्या, उन्हात अंग पसरले आणि झोपली. दुपार झाली तरी तिने ओकले नाही. थाळीतले अन्न करपल्यासारखे काळे पडले, सोने तडकले, आणि थाळीची माती झाली.

अंगणात कोणीतरी खोकले. मग दिंडीदरवाजा कुरकुरला. मग एकाच वेळी इतके आवाज उठले की कुंदलतेने कान झाकले.

राजा उठून उभा राहिला. समोरच्या तरुणीकडे पाहून म्हणाला, “बाई, आपण कोण? माझी मुलगी लहान आहे, तिला ताप आहे. तिला पाहिलेत का?”

“बाबा, ती मीच,” ती म्हणाली.

राजाने तिचा हात हातात घेतला. त्यावर चुलीचे चटके होते, रानातल्या काट्यांचे ओरखडे होते. तो रडला.

प्रजा भुकेली होती, कोठाराकडे धावली. कुंदलतेने सर्वांना अडवले आणि पहिल्या दिवशी फक्त पातळ पेज वाढली. “एकदम नाही,” ती म्हणाली, “पोटाला सवय होऊ द्या.” दुसऱ्या दिवशी पेज जरा दाट केली. पुढे शेते नांगरली गेली, घराघरांतून धूर निघू लागला, आणि राजाने स्वतः नांगराची मूठ धरली.

महाल माणसांनी भरून गेला. पण कुंदलतेला घटकाभरापेक्षा जास्त माणसांत बसवेना. ती भुरीला घेऊन मागच्या अंगणात जाई. राजाने ते ओळखले. तोही मागे जाई आणि न बोलता जवळ बसे. पहिल्या दिवशी एक शब्द झाला. दुसऱ्या दिवशी दोन. पाऊसपाणी सरून थंडी पडली, तेव्हा एका सकाळी तिने आपण होऊन वडिलांना सारी हकिगत सांगितली, आणि सांगून झाल्यावर प्रथमच तिला उत्तर मिळाले.

ज्यांनी ही कथा ऐकली, त्यांच्या चुली पेटत्या राहोत, आणि हाक मारली तर ओ देणारे कोणी त्यांच्या घरी असो.