नगारची आणि राळ्याचा दाणा

फार फार वर्षांपूर्वी, वेशीचे दरवाजे नगाऱ्याच्या आवाजावर उघडत आणि नगाऱ्याच्याच आवाजावर मिटत, त्या काळातली ही गोष्ट. एका नगरात एक नगारची राहत होता. त्याचे हात असे दणकट, की त्याने नगाऱ्यावर टिपरू हाणलं की कोसभर दूर चरणारी गुरं माना वर करत.

पण त्या हातांना एक खोड होती. ते कधी स्वस्थ बसत नसत. जेवताना पाटावर, बोलताना मांडीवर, सतत ठेका चालूच. बायको म्हणायची, "अहो, मी माणसाशी लग्न केलं की ढोलाशी?"

एके वर्षी राजा त्याच्यावर खूश झाला. म्हणाला, "माग, काय हवं ते." दरबारात तेव्हा दूरदेशीचा एक व्यापारी आला होता. त्याच्या पिंजऱ्यात मुठीत मावेल एवढा पोपट होता. अंग कोवळ्या गव्हासारखं हिरवं, डोकं पिवळं आणि पाठीवर बारीक काळ्या रेघांची नक्षी. नगारची बघतच राहिला. एवढ्याशा जिवावर एवढी कारागिरी कुणी केली असेल? जमीन मागायची सोडून त्याने ते पाखरू मागितलं. दरबार खो खो हसला. हा मात्र पिंजरा छातीशी धरून घरी आला.

घरी आल्यावर पाखरू अंग चोरून कोपऱ्यात बसलं. नगारच्याने लाडाने पिंजऱ्यावर बोटं वाजवली, "ये रे राजा, ये!" पाखरू घाबरून गजांवर आपटलं. ते जितकं लपे, तितका हा जोरात वाजवी. दोन दिवस झाले, वाटीतल्या राळ्याच्या दाण्याला त्याने चोच लावली नाही.

तिसऱ्या दिवशी नगारच्याने त्याला मुठीत धरून बळेच भरवायला घेतलं. पाखराने मान टाकली आणि डोळे मिटले. नगारच्याने ते हळूच पिंजऱ्यात ठेवलं आणि कपाळाला हात लावून बसला. आपल्या हौसेपायी हा जीव जाणार, हे त्याला कळून चुकलं.

तेवढ्यात त्याच्या बायकोला बांगड्या भरायला म्हातारी कासारीण आली. तिने पाखराकडे पाहिलं. मग नगारच्याच्या बोटांकडे पाहिलं. एवढ्या दुःखातही ती बोटं गुडघ्यावर ठेका धरून होती.

"बाबा," ती म्हणाली, "मूठ आवळून बसलेल्या पोरीला मी बांगडी कशी भरते, ठाऊक आहे?"

"कशी?"

"भरतच नाही. तिचा हात नुसता हातात घेऊन बसते. हात आपोआप सैल पडतो. ओढाताण केली तर बांगडी फुटते आणि रक्तही निघतं. आधी तुझे हे हात निजव."

नगारच्याने तळहातावर राळे घेतले, हात पिंजऱ्यात ठेवला आणि बसला. बोटं शिवशिवली. नाकावर माशी बसली. हाताला मुंग्या आल्या. तो हलला नाही. पाखराने एक डोळा उघडला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत मिटला. असे दोन प्रहर गेले.

सूर्य कलला. वेस मिटायची वेळ झाली. नगारा वाजला नाही तर नोकरी जाणार, कदाचित डोकंही जाणार. तो हात काढणार, इतक्यात बोटाला काहीतरी हलकंसं लागलं. पाखरू त्याच्या बोटावर येऊन बसलं होतं! सुकल्या पानाएवढं त्याचं वजन, पण त्या वजनाने नगारची जागच्या जागी खिळला.

बायको धावत आली. "अहो, नगारा..." म्हणाली आणि दारातच थबकली.

थोड्याच वेळात अंगणात घोडे थांबले. नगारा वाजला नाही म्हणजे शत्रू वेशीत शिरला, असं समजून राजा नागवी तलवार घेऊन आला होता. "कुठे आहे तो नगारची?" तो गरजला. नगारच्याच्या बायकोने ओठांवर बोट ठेवलं. राजाला गप्प करणारं बोट त्या राज्यात कुणी पाहिलं नव्हतं. शिपायांना घाम फुटला.

राजाने आत डोकावलं आणि तोही गप्प झाला.

त्या शांततेत आवाज आला, कट्. पाखराने राळ्याचा दाणा फोडला होता. मग दुसरा. मग तिसरा. नगारच्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आयुष्यभर नगारा बडवला, पण एवढा मोठा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता.

राजाने आवाज होऊ न देता तलवार म्यान केली. जोडे काढले. पाखराचं पोट भरून ते दांडीवर जाऊन बसेपर्यंत तो हात जोडून उभा राहिला.

नगारची त्याच्या पाया पडला. "महाराज, चुकलो. द्याल ती शिक्षा भोगीन."

"शिक्षा?" राजा म्हणाला. "माझ्यासमोर अख्खं राज्य मान तुकवतं. पण माझ्या बोटावर आपण होऊन कुणी बसलेलं नाही. मी उद्या येतो, हे मला शिकव. आता जा, नगारा वाजव."

त्या दिवशी वेस उशिरा मिटली. पुढे त्या नगरात रिवाजच पडला. नगारा वाजवण्यापूर्वी नगारची दोन्ही तळहात उघडे करी आणि क्षणभर स्थिर धरी. खाली चौकात उभे असलेले लोकही तेवढा वेळ बोलायचे थांबत.

धाकाने मान झुकते, पण जीव जवळ येतो तो आपला हात स्थिर झाल्यावरच.