पातेलीची हाक

भांडी एकमेकांशी बोलत त्या काळची गोष्ट. एका सकाळी दुधाच्या पातेलीला आपल्याच दुधाचा जळका वास आला. ती दचकली. तळाशी जुनी खरवड तशीच चिकटून होती. रोज ती खरवडणाऱ्या शिंपलीला तिनेच सांगितलं होतं, "नको गं बाई, तुझी कड टोचते!" तेव्हापासून शिंपली कोनाड्यात रुसून बसली होती.

वाफेच्या धुक्यातून मांजर आलं आणि नाक मुरडून गेलं.

"आता तुझी रवानगी अंगणात, कोंबड्यांच्या पाण्याला," चूल पुटपुटली.

पातेलीने घाबरून हाक मारली, "शिंपलीताई!"

पातेली कोनाड्याकडे कलली.

"ताई, टोचलं तरी चालेल गं!"

कोनाड्यात दूरच्या समुद्राची गाज घुमली.

"ओ! आले, आले. तोवर पाण्यात भिजत बस, वेडे."